जवळचं भाडं परवडतं का? नव्या ड्रायव्हरनं धरायचा हिशोब

(हिंगोली येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



मी काही प्राध्यापक नाही. बावीस वर्षं गाडी चालवली, आता दोन गाड्या आहेत, त्यातली एक अजून अधूनमधून मीच चालवतो. त्यामुळं बोलताना कुठं घसरलो तर सांभाळून घ्या.

आजचा विषय एका पोराच्या प्रश्नावरून निघाला. कळमनुरीकडचा पोरगा. नुकतंच जड वाहनाचं लायसन्स निघालं होतं. मला म्हणाला, "मामा, दोन जागी बोलावणं आहे. एक शेठ म्हणतो हिंगोली-नांदेड, हिंगोली-वाशिम असल्या फेऱ्या मार, रोज घरी जा. दुसरा म्हणतो लांबच्या लाईनला चल, सांगली, मुंबई, हैदराबाद. पैसा लांबच्या लाईनला आहे असं सगळे म्हणतात. काय करू?" मी त्याला उभ्या उभ्या उत्तर दिलं, पण ते अर्धवट होतं. आज पूर्ण देतो.

आधी जवळचं भाडं म्हणजे काय ते ठरवू. माझ्या लेखी, सकाळी निघून रात्री घरी जेवायला येता येतं ते जवळचं भाडं. हिंगोलीहून वाशिम साधारण ५० किलोमीटर, वसमतही तेवढंच, नांदेड ९० च्या आत-बाहेर. अकोला जरा ओढून-ताणून. ही सगळी जवळची. सांगली ५०० च्या आसपास, मुंबई त्याच्याही पुढं. ती लांबची लाईन.

आपल्या जिल्ह्यात जवळचं काम काय आहे ते बघा. पहिलं नाव हळदीचं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारी-मार्चपासून काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि तिथून पुढं उन्हाळाभर हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात आवक. दुसरं सोयाबीन, दसरा-दिवाळीच्या आगेमागे. तिसरा ऊस, वसमतचा 'पूर्णा' कारखाना, डोंगरकड्याचा कारखाना, थंडीभर गाळप. चौथा कापूस, जिनिंगपर्यंत. आणि पेरणीच्या तोंडावर खत, मालधक्क्यावर रेक लागला की तालुक्याच्या दुकानांपर्यंत. वर्षभर चालणारं म्हणाल तर सिमेंट, गिट्टी, किराणा.

म्हणजे काम आहे. पण नीट बघा, यातलं बरंचसं हंगामी आहे. ज्या महिन्यात हळद धो धो येते त्या महिन्यात सगळ्यांनाच गाडी पाहिजे, आणि श्रावण-भाद्रपदात मोंढ्यासमोर गाड्या उभ्या राहतात. हे डोक्यात ठेवून पुढं ऐका.

किलोमीटर मोजू नका, दिवस मोजा

नवा माणूस पहिली चूक इथं करतो. तो विचारतो, किलोमीटरला काय पडतं? जवळच्या भाड्याला किलोमीटरचा दर लांबच्यापेक्षा जास्तच दिसतो. नांदेडला टनामागं ५०० रुपये मिळाले तर किलोमीटरला साडेपाच रुपये टन पडले. सांगलीला टनामागं २,००० मिळाले तर चारच रुपये पडले. झालं, हा खुश. पण गाडीचा हप्ता किलोमीटरवर नसतो, तारखेवर असतो. गाडी उभी असली तरी हप्ता चालू, विमा चालू, टॅक्स चालू.

फळ्यावर एक हिशोब मांडतो. हे आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत. तुमच्या गाडीचे, तुमच्या महिन्याच्या डिझेलचे आकडे घालून घरी परत करा.

सहा चाकी गाडी, १० टन माल. हप्ता, विमा, टायर, टॅक्स सगळं मिळून महिन्याला ४५,००० धरू. म्हणजे रोजचे १,५०० रुपये, गाडी हलो न हलो.

हिंगोली ते नांदेड, टनाला ५०० प्रमाणे भाडं ५,०००. जाऊन-येऊन १८० किलोमीटर. लिटरला पाचचं ॲव्हरेज धरलं तर ३६ लिटर डिझेल, ९० रुपयांनी ३,२४०. टोल, काटा, चहापाणी, किरकोळ ५००. ड्रायव्हरचा दिवस ७००. खर्च झाला ४,४४०. हातात राहिले ५६०. त्यातून गाडीचे रोजचे १,५०० वजा करा. ९४० रुपये तोटा.

आता येताना नांदेडहून परतीचं भाडं मिळालं, समजा ३,००० चं. भरलेली गाडी म्हणून डिझेल जरा जास्त, बाकी किरकोळ, असा ३०० चा वाढीव खर्च. म्हणजे २,७०० ची भर. आता ९४० तोट्याच्या जागी १,७६० नफा. गाडी तीच, रस्ता तोच. पण सगळा नफा परतीच्या भाड्यात आहे.

आता तिसरी गोष्ट. येण्या-जाण्याचा माल मिळाला, पण नांदेडात उतरवायला नंबर लागला नाही. रात्रभर गाडी गोदामासमोर उभी, दुसऱ्या दिवशी दुपारी खाली झाली. एक दिवसाचे दोन दिवस झाले. ड्रायव्हरचे ७०० वाढले, गाडीचे १,५०० वाढले. १,७६० मधून २,२०० गेले. ४४० रुपये तोटा, दोन्ही बाजूंनी भरून आणूनसुद्धा!

जवळच्या भाड्यात रस्ता थोडा असतो, पण भरणं, काटा, बिल्टी, रांग, उतरवणं हे ५० किलोमीटरला जेवढं लागतं तेवढंच ५०० किलोमीटरला लागतं. लांबच्या फेरीत ते चार दिवसांवर वाटलं जातं. जवळच्या फेरीत रोज अंगावर येतं. म्हणून जवळच्या भाड्याला रांग मारते. हळदीच्या हंगामात मोंढ्याबाहेर किती लांब रांगा लागतात हे इथं कुणाला सांगायला नको.

उसाचं तर विचारूच नका. वाहतुकीचा दर टनावर आणि अंतरावर. फड कारखान्याच्या जवळ असला की दर कमी, पण यार्डातली रांग जवळच्याला कमी लागते असं काही नाही. शिवाय टोळीला उचल तुम्ही द्यायची, आणि टोळी आलीच नाही तर उचल बुडते. नव्या माणसानं पहिल्या वर्षी टोळी घेऊन उसात उतरू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग लांबची लाईन बरी का?

तोच फळा, तीच गाडी. सांगलीचं भाडं २०,०००, परतीचं १४,०००, एकूण ३४,०००. हजार किलोमीटर, २०० लिटर, १८,००० चं डिझेल. टोल आणि इतर ३,०००. चार दिवस, ड्रायव्हरला भत्त्यासह रोज ९००, म्हणजे ३,६००. राहिले ९,४००. त्यातून गाडीचे चार दिवसांचे ६,००० गेले. नफा ३,४००, म्हणजे दिवसाला ८५०.

बघा, परतीच्या मालासह दिवसात पुरी झालेली नांदेडची फेरी १,७६० देते, सांगली ८५०. लांबच्या लाईनला पैसा आहे असं जे म्हणतात ते जमा झालेली रक्कम बघून म्हणतात. ३४,००० एकदम हातात दिसतात ना!

पण मला दाखवायचं आहे ते वेगळंच. सांगलीहून परतीचं भाडं मिळालं नाही, रिकामी आणली, तर काय होतं? ३,४०० नफ्यातून १४,००० गेले. १०,६०० तोटा. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागतं म्हणून हजार-दीड हजार सोडा, तरी नऊ हजारांच्या वर. नांदेडहून रिकामं आलं तर तोटा ९४०.

नव्या माणसानं हा फरक बघायचा. जवळच्या भाड्यात चूक स्वस्तात पडते. आणि नवा माणूस चुका करणारच. मी केल्यात.

पहिल्या वर्षी मी घाईनं लांबच्या लाईनला गेलो. उस्ताद म्हणाला होता, "वर्षभर जवळ मार, मग जा." ऐकलं नाही. एका मोठ्या शहरात माल उतरवला आणि परतीला भाडं नाही. ओळख नाही, दलाल उभं करत नाही. सहा दिवस तिथं होतो. पाचव्या दिवशी जेवायला पैसे नव्हते म्हणून स्टेपनी गहाण टाकली. शेवटी मिळेल त्या भाड्यात माल भरला आणि बिनस्टेपनीची गाडी घेऊन आलो. वाटेत टायर बसला असता तर? देवाची कृपा म्हणायची. गाडी तेव्हा माझी नव्हती, थोरल्या भावाची होती. तो एका शब्दानंही बोलला नाही. ते जास्त लागलं.

शिकायचं कुठं?

दुसरा मुद्दा शिक्षणाचा. लायसन्स निघालं म्हणजे गाडी आली असं नाही. कायद्यानं वाहतूक वाहनासाठी वीस वर्षं पूर्ण पाहिजेत, आणि त्याआधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन्स पाहिजे. आरटीओची परीक्षा पास झालात. पण मोंढ्याच्या अरुंद गेटमधून भरलेली गाडी उलटी घेणं, धक्क्याला लावणं, हळदीच्या पोत्यांवर ताडपत्री अशी बांधणं की एक थेंब आत जाणार नाही, दोरखंडाची गाठ, पोती मोजून घेणं, काट्याची चिठ्ठी आणि बिल्टीचं वजन जुळतं का बघणं, हे परीक्षेत नसतं.

लांबच्या फेरीत हे चार दिवसांतून एकदा-दोनदा करायला मिळतं. जवळच्या फेरीत रोज. वर्षभरात जवळचा ड्रायव्हर शेकडो वेळा गाडी धक्क्याला लावतो. त्याचा हात बसतो. शिवाय हमाल ओळखीचे होतात, गोदामाचे मुनीम ओळखीचे होतात. परतीचं भाडं कुणाकडे सुटतं हे त्याला फोनवर कळायला लागतं. मघाचे १,७६० तिथून येतात.

लांबच्या रस्त्याचं शिक्षण वेगळं आहे, तेही लागतं. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा १६१ नंबरचा महामार्ग आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, गाडी पळते. वाशिम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेलाय, ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ ला तो मुंबईच्या बाजूनं पूर्ण खुला झाला. नव्या पोराला वाटतं, सरळ रस्ता, सोपं काम. सरळ रस्त्यावरच डोळा लागतो. मोंढ्यात गाडी घासली तर फाळका वाकतो. तिथं डोळा लागला तर घरी निरोप जातो.

जवळच्या भाड्याचे तीन सापळे

आता कुणी म्हणेल, मामा जवळच्याच बाजूनं बोलतात. तर जवळच्याचे सापळेही सांगतो.

पहिला, जादा माल. "अरे इथंच तर जायचंय, टाक अजून वीस पोती." हे वाक्य लांबच्या फेरीला कुणी म्हणत नाही, जवळच्याला रोज म्हणतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. काट्यावर न्यायला नकार दिला तर ४०,०००. कायदा गाडी चालवणाऱ्यालाही धरतो आणि चालवायला लावणाऱ्यालाही. २०१८ साली सरकारनं वजनाची मर्यादा आधीच वाढवून दिली, सहा चाकीचं मालासकट वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झालं. आपल्या गाडीच्या आरसीवर जे वजन लिहिलंय तेच खरं. शेठ म्हणाला म्हणून चालत नाही.

दुसरा, माणसं बसवणं. जवळच्या रस्त्यावर ओळखीची माणसं हात करतात. मजूर असतात, बाजारला जाणाऱ्या बाया असतात. नाही म्हणवत नाही. पण मालवाहू गाडीत असं बसवलेल्या माणसाच्या भरपाईचा भार विमा कंपनीवर टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली सांगितलंय. मालाचा मालक किंवा त्यानं नेमलेला माणूस मालाबरोबर असेल तर गोष्ट वेगळी. बाकी काही झालं तर गाडीवाल्याचं शेत जातं. नाही म्हणायला शिका. दोन दिवस लोक रागावतात, मग समजून घेतात.

तिसरा सापळा ड्रायव्हरच्या पगाराचा आहे, आणि त्या कळमनुरीच्या पोरासाठी हाच सगळ्यात मोठा.

शेठ म्हणतो, फेरीला अमुक देईन. ऐकायला बरं वाटतं. पण रांग लागली तर फेरी होत नाही, आणि फेरी झाली नाही तर पैसे नाहीत. रांगेचा सगळा धोका शेठनं तुमच्या अंगावर टाकला. मग पोरगं दोन फेऱ्या पुऱ्या करायला रात्री गाडी दामटतं.

हा प्रश्न जुना आहे. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. पाच किंवा जास्त कामगार असतील तिथं तो लागू. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं त्यात होतं. पण कामाचा तास कशाला म्हणायचं, याची व्याख्या वाचा. ठेप्यावर नुसतं थांबून राहणं पंधरा मिनिटांच्या आतलं असेल तरच कामात धरायचं. म्हणजे तासन् तास गोदामासमोर बसलात, ते कागदावर कामच नाही! तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेलाय. पण रांगेत बसलेल्या ड्रायव्हरला अजून तोच अनुभव येतो.

परदेशात सगळं छान आहे असं समजू नका. अमेरिकेत बरेच ड्रायव्हर मैलावर पैसे घेतात, आणि गोदामावर ताटकळण्याचं रडगाणं तिथंही आहे. तिथं दोन तास फुकट थांबायचं आणि पुढच्या तासांचे पैसे मागायचे, अशी बोली बरेच जण आधीच करतात. आपणही करू शकतो. बिल्टीवर गाडी पोचल्याची वेळ लिहून घ्या, मुनीमाची सही घ्या. फोनमध्ये फोटो काढा. "अमुक तासांनंतर हॉल्टिंग लागेल" हे माल भरायच्या आधी बोला. भरल्यावर तुमचं कुणी ऐकत नाही.

तर मग उत्तर काय?

त्या पोराला मी आता असं सांगीन. बाबा, नोकरी करतोस तर पहिलं वर्ष-दीड वर्ष जवळचं काम घे. पण पगार महिन्यावर किंवा दिवसावर ठरव, फेरीवर नको. फेरीवरच घ्यावा लागला तर थांबण्याचा भत्ता ठरव. हे कबूल नसेल आणि लांबच्या लाईनवाला शेठ चांगल्या उस्तादाच्या हाताखाली पाठवत असेल, तर लांबचं घे. उस्तादाशिवाय पाठवत असेल तर दोन्हीला नमस्कार कर आणि तिसरा शेठ बघ.

आणि स्वतःची गाडी घेणार असशील तर हप्ता ठरवायच्या आधी एक महिना वही घे. मोंढ्यात उभा राहा. कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, परतीला काय घेऊन आली, लिही. महिन्यातले किती दिवस दोन्ही बाजूंनी माल मिळतो ते त्या वहीत दिसेल. मघाच्याच आकड्यांवर, २५ दिवसांतले १२ दिवस परतीचा माल मिळाला आणि १३ दिवस नाही, तर १२ दिवसांचे २१,१२० जमा, १३ दिवसांचे १२,२२० वजा, आणि उरलेल्या पाच रिकाम्या दिवसांचे ७,५०० वजा. महिन्याला राहिले १,४००. त्यासाठी कुणी गाडी घेत नाही. १८ दिवस मिळाला तर ३१,६८० मधून ६,५८० आणि ७,५०० वजा, राहिले १७,६००. सहा दिवसांच्या परतीच्या मालानं एवढा फरक पडतो.

बँकेचा माणूस हे विचारणार नाही. शोरूमवाला तर नाहीच नाही. म्हणून तुम्ही स्वतःला विचारा. एवढंच सांगायचं होतं. आता तुमचे प्रश्न घेतो.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: ट्रकऐवजी पिकअपपासून सुरुवात केली तर?

चांगला प्रश्न. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची वाहतुकीची गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. त्यामुळं सुरुवातीला पिकअप सोपी. हप्ताही लहान. पण पिकअपच्या रांगेत तुमच्यासारखे शंभर जण उभे असतात, भाडं पडतं. वही तिथंही लागेल.

प्रश्न: परतीचं भाडं मोबाईलच्या ॲपवरून मिळतं म्हणतात.

मिळतं. पण ॲपवरचा माल भरताना पैसे कोण देणार, कधी देणार, हे फोन करून पक्कं करा. आगाऊ रक्कम हातात पडल्याशिवाय ताडपत्री बांधू नका. पहिले काही महिने ओळखीच्या दोन-तीन ठिकाणांवर भर द्या, ॲप जोडीला ठेवा.

प्रश्न: माझा मुलगा ड्रायव्हर झालाय. रोज घरी येतो, पण रात्री अकराला येतो, पहाटे चारला जातो. हे जवळचं कसं म्हणायचं?

(थोडं थांबून) ताई, ते जवळचं नाही. मी सुरुवातीला म्हणलं, रात्री घरी जेवायला येतो ते जवळचं. त्यात झोपही धरायला पाहिजे होती, ती मी धरली नाही. चार तास झोपून गाडी चालवणारा पोरगा लांबच्या लाईनवाल्यापेक्षा जास्त धोक्यात आहे, कारण त्याला आणि घरच्यांना वाटतं की सगळं ठीक आहे. त्याच्या मालकाशी बोला. एकट्यानं जमत नसेल तर मला सांगा, मी येतो बोलायला.